न फोडलेल्या भिंतीचं बिल

घर विकत घेतलं की आधी ते फोडायचं, ही शहरांत आता जवळजवळ रीत झाली आहे. पुण्यात कोथरूडला, ठाण्यात नौपाड्यात, नाशिकला कॉलेज रोडवर, १९८०-९० च्या सुमाराला बांधलेल्या इमारतीतल्या एखाद्या फ्लॅटचा मालक बदलला की पंधरा दिवसांत तिथे ब्रेकर लागतो. जिन्यावरून गोण्या उतरू लागतात. त्यांत मोझेकच्या लाद्या असतात, ओट्याचा काळा कडप्पा असतो, गिलाव्याची डिखळं असतात. धडधाकट सागवानी चौकटी काढून भंगारवाल्यासाठी जिन्यात टेकवून ठेवलेल्या असतात. चार-सहा महिन्यांनी त्याच घरात एलईडी दिवे येतात, पाच स्टारचा एसी येतो, कमी वासाचा रंग लागतो आणि घरातली माणसं मनापासून सांगतात की होता होईल तेवढं पर्यावरणाला धरून केलं आहे. त्यांच्या कळकळीविषयी मला शंका नाही. पण घराच्या नूतनीकरणात हरित काय ठरेल याचा मोठा निकाल पाडकामाच्या पहिल्या आठवड्यातच लागून गेलेला असतो, असं माझं ठाम मत आहे. नंतरची खरेदी त्यात थोडीफार भर घालते, एवढंच.

हिशोब करून बघू. सहाशे चौरस फुटांची जमीन उखडायची आहे. लादी आणि तिच्याखालचा मसाला मिळून तीन इंच जाडी धरली, तर दीडशे घनफूट माल निघतो. त्याचं वजन नऊ टनांच्या आसपास भरतं. चाळीस किलोची एक गोणी धरली तर सव्वादोनशे गोण्या. यात स्वयंपाकघर आणि न्हाणीघराच्या भिंतींवरच्या टाइल्स नाहीत, फोडलेली मधली भिंत नाही. एवढा माल खाली उतरवायचा आणि जवळपास तेवढाच पुन्हा वर चढवायचा. वर चढणाऱ्या मालातली व्हिट्रिफाइड टाइल बहुधा गुजरातेतल्या मोरबीहून येते. ती बाराशे अंश सेल्सिअसच्या आसपासच्या भट्टीत भाजलेली असते. सिमेंटचा क्लिंकर साडेचौदाशे अंशांवर भाजावा लागतो, आणि त्यात इंधनाचा धूर हा उत्सर्जनाचा अर्ध्याहून कमी भाग आहे. चुनखडीचा दगड तापवला की त्यातला कार्बन डायऑक्साइड सुटतोच. भट्टी सूर्यावर चालवली तरी सुटेल. जगातल्या एकूण कार्बन उत्सर्जनातला सुमारे ७ ते ८ टक्के वाटा एकट्या सिमेंटचा आहे आणि सिमेंट उत्पादनात आपला देश जगात दुसरा आहे. वाळू एक तर नदीतून उपसलेली, नाहीतर कुठला तरी डोंगर फोडून क्रशरमधून काढलेली. या सगळ्याची किंमत जुन्या लादीच्या बाबतीत चाळीस वर्षांपूर्वीच मोजून झाली आहे. ती फोडली की मोजलेली किंमत पाण्यात जाते आणि तेवढीच पुन्हा मोजावी लागते.

गोण्या जातात कुठे, हेही बघायला हवं. २०१६ च्या केंद्रीय नियमांनी दिवसाला २० टन किंवा महिन्याला ३०० टन राडारोडा काढणाऱ्या मोठ्या प्रकल्पांवर वर्गीकरणाची आणि आराखड्याची सक्ती केली. एक फ्लॅट या मर्यादेच्या जवळपासही जात नाही. मुंबईत महापालिकेची 'डेब्रिज ऑन कॉल' सेवा आहे, पुण्याजवळ वाघोलीला राडारोड्यावर प्रक्रिया होते. तरीही रात्रीचा टेम्पो मुळा-मुठेच्या काठावर किंवा खाडीतल्या तिवरांत रिकामा होतो, कारण तिथे अंतर कमी पडतं आणि कुणी पावती मागत नाही. नदीचं पात्र भरत जातं, पूररेषा वर चढते आणि त्याच शहरातल्या सखल वस्त्यांत पाणी शिरतं. दिवाणखान्याच्या फरशीचा आणि नदीकाठच्या त्या वस्तीचा संबंध इतका सरळ आहे, पण तो कुठल्याही अंदाजपत्रकात दिसत नाही.

अंदाजपत्रक हाच इथे कळीचा कागद आहे. कंत्राटदाराचा दर चौरस फुटावर असतो. इंटिरियर डिझायनर पुष्कळदा एकूण खर्चाच्या टक्केवारीत काम करतो. टाइलवाला, प्लायवाला, हार्डवेअरवाला, सगळ्यांची कमाई विकलेल्या मालावर. म्हणजे एखाद्या जाणत्या माणसाने घर बघून सांगितलं, "ही फरशी चांगली आहे, राहू द्या, ही चौकट फक्त खालून सहा इंच कुजली आहे, तेवढा तुकडा बदला," तर त्या वाक्याचे त्याला पैसे मिळत नाहीत. उलट त्याचं बिल कमी होतं. न फोडलेल्या भिंतीचं बिल होत नाही. म्हणून ती भिंत वाचवण्यात कुणालाच रस नसतो. लोकांना पर्यावरणाची चाड नाही असं म्हणून या प्रश्नाची बोळवण केली जाते, ती मला पटत नाही. चाड आहे, पण वाचवण्याचा सल्ला विकत मिळेल असं दुकान नाही.

मोझेकच्या फरशीचंच बघा. तीस-चाळीस वर्षं पुसून पुसून ती मळकट पडते, सांध्यांत काळं भरतं, कुठे एखादा तुकडा उडालेला असतो. घरात पाऊल टाकणाऱ्याला वाटतं, हिचं आयुष्य संपलं. वास्तविक वरचा मिलिमीटरभर थर खराब झालेला असतो, एवढंच. पॉलिशवाला मिस्त्री पाणी सोडून जाड दगडाने पहिला हात मारतो, तेव्हा राखाडी चिखल निघतो आणि त्याखालून संगमरवराचे पिवळे, काळे, पांढरे कण वर येतात. मग तो पांढऱ्या सिमेंटमध्ये रंग कालवून सांधे आणि खळगे भरतो, ते मुरू देतो, पुन्हा बारीक दगड, त्याहून बारीक दगड आणि शेवटी ऑक्झॅलिकचा हात. दोन-तीन दिवसांत चेहरा दिसेल अशी जमीन तयार होते. (तो चिखल मात्र बादलीत गोळा करायला सांगावं. मोरीत सोडला की आतल्या आत घट्ट बसून पाइप तुंबतो.) खर्च नव्या टाइल्सच्या मानाने कितीतरी कमी, आणि त्यातला मोठा वाटा मिस्त्रीच्या हातात जातो. मला हा मुद्दा महत्त्वाचा वाटतो. दुरुस्तीत पैसा मालाकडून माणसाकडे वळतो. भट्टीत आणि ट्रकच्या डिझेलवर जाणारी रक्कम कसबी हाताला मिळते. हरित बांधकामाची माझ्या दृष्टीने हीच व्याख्या आहे, आणि बाजारातली कुठलीही 'ग्रीन' वस्तू या व्याख्येच्या आसपास येत नाही.

यावर आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे: घराच्या आयुष्यात खरी वीज खाल्ली जाते ती पंखे, फ्रिज, गीझर आणि एसीत, मग फरशीचं एवढं काय घेऊन बसायचं? जिथे रोज वीज जाते तिथे जुन्याचा मोह धरू नये, हे मी मान्य करतो. जुना पंखा ७० ते ७५ वॅट घेतो, बीएलडीसी पंखा तीसेक वॅटमध्ये तीच हवा देतो. तो बदलावाच. स्वतःचं छप्पर असेल तर सौर पॅनेल बसवावेत. २०२४ साली सुरू झालेल्या सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटच्या संचाला ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदान आहे. पण एसीचं तसं नाही. एसीची गरज पुष्कळ घरांत आपण नूतनीकरण करतानाच तयार करतो, आणि त्याची सुरुवात बाल्कनीपासून होते.

बाल्कनी आत घेणं हा आपल्याकडचा सर्वांत लोकप्रिय फेरबदल आहे. जागेची टंचाई खरी आहे. दोन खोल्यांत तीन पिढ्या राहतात तेव्हा चार फुटांची गॅलरी मुलाच्या अभ्यासाची जागा होते, तिला नावं ठेवण्याचा अधिकार मला नाही. पण ती काय काम करत होती ते तरी समजून घ्यायला हवं. उन्हाची तिरीप आतल्या भिंतीवर येऊ न देणं हे तिचं काम होतं. पावसात तिच्याकडचं दार उघडं ठेवता येत होतं. ती आत घेतली की बाहेरची भिंत चार फूट पुढे, थेट उन्हात जाते, तिच्यावर छज्जा नसतो आणि तिथे सरकत्या काचेची ॲल्युमिनियमची खिडकी बसते.

आता सरकत्या खिडकीचं गणित. ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोने २०१८ साली निवासी इमारतींसाठी 'इको-निवास संहिता' काढली. मुंबई-कोकणासारख्या उष्ण, दमट हवेत उघडता येणाऱ्या खिडक्या-दारांचं क्षेत्र चटईक्षेत्राच्या किमान १६.६६ टक्के, म्हणजे एक षष्ठांश असावं, असं ती सांगते. संहिता नव्या इमारतींसाठी आहे, पण मोजपट्टी म्हणून ती आपल्या घराला लावून बघायला काय हरकत आहे? दहा बाय बाराची खोली म्हणजे १२० चौरस फूट. उघडी जागा हवी २० चौरस फूट. पाच बाय चारची खिडकी बरोबर तेवढी होते. पण ती दोन पट्ट्यांची सरकती असेल तर एका वेळी अर्धीच उघडते. उरले दहा. जुन्या लाकडी खिडकीची दोन्ही दारं बाहेर उघडायची आणि वीसच्या वीस फूट वारा आत यायचा. शिवाय दारावर झडप असायची, तिच्यातून वर साठलेली गरम हवा निघून जायची. नूतनीकरणात ती झडप बुजवली जाते, तिच्याखाली पीओपीचं छत येतं, खोलीची उंची सहा-आठ इंचांनी घटते, आणि मग मे महिन्यात खोली तापते तेव्हा एसी अपरिहार्य वाटतो. पाच स्टारचा एसी घेतला याचं समाधान मानण्याआधी त्या झडपेची आठवण व्हायला हवी.

फ्रान्समधल्या बोर्दोचं एक उदाहरण मला फार बोलकं वाटतं. तिथल्या ग्राँ पार्क वसाहतीत १९६० च्या दशकातल्या तीन इमारतींत ५३० घरं होती. ॲन लाकातों आणि जाँ-फिलिप वासाल या वास्तुकारांनी सहकाऱ्यांसह त्यांचं नूतनीकरण केलं आणि २०१७ च्या सुमाराला ते पूर्ण झालं. त्यांनी इमारत पाडली नाही, आतल्या खोल्या फोडल्या नाहीत. बाहेरच्या बाजूला जवळपास पावणेचार मीटर खोलीची एक पडवीच सगळ्या मजल्यांना जोडली, आणि काम चालू असताना माणसं आपापल्या घरांत राहत होती. तिथली हवा थंड, म्हणून त्या पडवीला सरकती पारदर्शक तावदानं आहेत. आपल्याकडे ती उघडी लागेल. या जोडीला २०२१ साली प्रित्झ्कर पुरस्कार मिळाला. पाडू नये, जे आहे त्यात भर घालावी, ही त्यांची उभ्या कारकिर्दीची भूमिका आहे. तिकडे बाल्कन्या जोडून इमारती वाचवल्या जात असताना आपण बाल्कन्या मोडून घरं तापवतो आहोत. सोसायटीला मोठी दुरुस्ती करायचीच असेल तर पश्चिमेच्या भिंतीला छज्जे, जाळ्या, वेलींचे मांडव देण्याचा विचार रंगकामाच्या आधी व्हावा.

वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांचा शत्रू म्हणजे गच्ची. तिच्यावर फुटक्या पांढऱ्या टाइल्सचे तुकडे बसवण्याची पद्धत आपल्याकडे चायना मोझेक म्हणून ओळखली जाते. ऊन परत फेकलं जातं, पाणी अडतं, आणि तुकडे तर कुठल्या तरी न्हाणीघराच्या पाडकामातून फुकट मिळतात. पुण्यात जन्मलेल्या बाळकृष्ण दोशींनी १९८० च्या सुमाराला अहमदाबादेत बांधलेल्या 'संगाथ' या आपल्या कार्यालयाच्या कमानदार छपरांवर हेच तुकडे आहेत. जे तुकडे आपण नदीत टाकतो ते एका प्रित्झ्कर विजेत्याच्या डोक्यावर चाळीस वर्षं उन्हाचा ताप अडवत राहिले. तेही शक्य नसेल तर मार्चअखेरीस गच्चीला पांढऱ्या चुन्याचे दोन हात द्यावेत. पावसात ते धुऊन जातील, पुढच्या वर्षी पुन्हा द्यावेत.

गावाकडच्या घरांचा प्रश्न मात्र वेगळा आहे आणि तिथे शहाणपण शिकवायला जाताना जपून बोलावं लागतं. मराठवाड्यात, सोलापूर-धाराशिवकडे माळवदाची घरं होती. दगडमातीच्या रुंद भिंती, लाकडी खण, वर फळ्या, पाला आणि पांढऱ्या मातीचा जाड थर. उन्हाळ्यात आत गारवा. मग ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आली. किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसं झोपेत दगडमातीखाली गाडली गेली. त्यानंतर तिथल्या माणसाला मातीचं घर पर्यावरणस्नेही आहे असं सांगायचं, तर आधी त्याच्या भीतीला उत्तर द्यावं लागेल. त्याने सिमेंटवर विश्वास ठेवला तो आपला जीव वाचवण्यासाठी.

उत्तर आहे, आणि ते त्या ढिगाऱ्यांच्या अभ्यासातूनच मिळालं. भिंती कोसळल्या कारण त्या खरं तर दोन वेगळ्या भिंती होत्या: आतलं तोंड, बाहेरचं तोंड आणि मध्ये खडीमातीचा भराव. दोन्ही तोंडांना सांधणारा आरपार दगड नव्हता, त्यामुळे हादऱ्यासरशी भिंत मधून उकलली. गळती थांबवण्यासाठी दरवर्षी माळवदावर नवी माती पडत गेली होती, तिचं ओझं भयंकर झालं होतं. जिथे लाकडी खण मजबूत होता तिथे भिंती पडूनही छप्पर खांबांवर उभं राहिलेलं दिसलं. म्हणून भूकंपानंतरच्या मजबुतीकरणात जे उपाय सांगितले गेले ते साधे होते: भिंतीला ठरावीक अंतराने आरपार भोकं पाडून त्यांत सळई घालून काँक्रीट भरणं, माळवदावरची जादा माती उतरवणं, खांब-तुळईच्या कोपऱ्यांत तिरके टेके देणं, भिंतीला सलग पट्टा बांधणं. घर तेच राहतं, गारवा तोच राहतो, आणि ते पडण्याचा धोका बराच कमी होतो. हे ज्ञान ३० वर्षं आपल्यापाशी आहे. गावोगावच्या गवंड्यांपर्यंत ते पुरेसं पोचलं नाही, म्हणून माळवद की स्लॅब असा खोटा पेच लोकांपुढे उभा राहिला.

जुन्या भिंतींचं सर्वांत मोठं नुकसान चांगल्या हेतूने केलेल्या दुरुस्तीने होतं, हे वाडे आणि गावातली घरं बघताना मला वारंवार जाणवलं आहे. भिंतीला लोणा लागला, पोपडे सुटले की गवंडी सिमेंटचा गिलावा करून देतो. वर्ष-दोन वर्षं भिंत छान दिसते. पण मातीची किंवा चुन्यात बांधलेली भिंत जमिनीतली ओल वर ओढते आणि अंगावाटे बाहेर सोडते. सिमेंटने ती वाट बंद केली की ओल आणखी वर चढते, आतली माती भिजते, क्षार सिमेंटच्या मागे साठतात आणि एक दिवस गिलावा तक्त्यासारखा सुटून येतो, मातीसकट. तेव्हा निष्कर्ष निघतो की भिंतच कुचकामी होती, पाडा. तिथे चुन्याचा गिलावा हवा होता. चुना सिमेंटपेक्षा बऱ्याच कमी तापमानाला, सुमारे ९०० अंशांवर भाजला जातो, आणि भिंतीवर सुकताना हवेतला कार्बन डायऑक्साइड थोडाफार परत शोषून घट्ट होतो. पण चुना महिनोन् महिने मुरवायला हवा, थर पातळ द्यायला हवेत, मध्ये थांबायला हवं. हे करणारे गवंडी आता शोधावे लागतात.

कोकणात तेच शाकारणीचं झालं. पावसाळ्याआधी वर चढून कौलं चाळायची, फुटकी बदलायची, वासे-रिपा तपासायच्या, यासाठी माणूस मिळत नाही. शिवाय वानरांनी लोकांना अक्षरशः रडकुंडीला आणलं आहे. एका उडीत पाच-सहा कौलं जातात. वैतागून माणूस पत्रे घालतो आणि उन्हाळाभर भाजून निघतो. त्याला परंपरेचं प्रवचन देऊन काय होणार? कौलांखाली ताण सोसणारी जाळी किंवा साधा पत्रा, आणि वर पुन्हा तीच मंगलोरी कौलं, असा मधला मार्ग पुष्कळांनी काढला आहे. पावसाचं पाणी पत्रा अडवतो, ऊन कौल अडवतं, मधली हवा ताप रोखते. एक कौल फुटलं तरी घरात धार लागत नाही.

जुनं सगळंच ठेवावं असं मी म्हणत नाही. सळई गंजून स्लॅबचे पोपडे सुटत असतील तर ते छिन्नीने काढून आतलं लोखंड उघडं करावंच लागतं. न्हाणीघराची गळती खालच्या घरात उतरत असेल तर तिथली फरशी फोडण्याला पर्याय नसतो, आणि मग त्याच वेळी कमी पाण्याचा फ्लश बसवून घ्यावा. ॲस्बेस्टॉसचे पत्रे काढायचेच, पण न कापता, न फोडता, भिजवून, अखंड. कारण त्याची धूळ फुप्फुसात जाते. फोडण्याला कारण असावं आणि ते सांगता यावं, एवढीच माझी अट आहे. रंग आवडला नाही हे नऊ टनांचं कारण होऊ शकत नाही.

पुणे महापालिका सौर ऊर्जा, पर्जन्यजल पुनर्भरण, गांडूळखत यांसाठी मिळकत करात ५ ते १० टक्के सवलत देते. स्तुत्य आहे. मात्र या तिन्ही गोष्टी नव्याने बसवायच्या आहेत. राखून ठेवण्याला सवलत नाही, दुरुस्तीला नाही. आयटीआयमध्ये गवंडीकाम शिकवलं जातं. तिथे चुन्याचा गिलावा, चौकटीला सांधा, मोझेक भरणं हे विषय म्हणून आले, तर या कसबाला प्रतिष्ठा आणि बाजार दोन्ही मिळेल. घरमालकाने डिझायनरला टक्केवारीऐवजी ठरावीक फी द्यावी आणि पहिल्या भेटीचे पैसे वेगळे द्यावेत, ज्या भेटीत तो केवळ काय राहू शकतं हे लिहून देईल.

आणि सोसायट्यांच्या हाती तर आजच एक साधन आहे. नूतनीकरणाच्या परवानगीचा अर्ज बहुतेक ठिकाणी असतो. त्यात अनामत रक्कम, कामाची वेळ, कामगारांची नावं, लिफ्ट वापरण्याचे नियम लिहिलेले असतात. त्याला एक पान जोडावं. काय फोडणार, का फोडणार, अंदाजे किती गोण्या निघतील, त्या कुठे जातील. चौकटी, कडप्पा, लाद्या यांतलं काय इमारतीत दुसऱ्या कुणाला हवं आहे का, हे सूचना फलकावर आठवडाभर लावावं. राडारोडा प्रकल्पावर पोचल्याची पावती दाखवली की अनामत परत, नाहीतर ती गच्चीच्या चायना मोझेकसाठी जमा. त्यासाठी सरकारी आदेशाची वाट पाहायला नको. वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेत हा ठराव टाकता येतो.